अण्णांची प्रतिकारशक्ती वाढवायची आणि माझी दाबायची?

*मॅडम, नमस्कार. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय ७१, मधुमेहाच्या गोळ्या चालू. अठरा दिवसांपूर्वी थंडी वाजून ताप भरला, उजव्या कुशीत दुखायला लागलं आणि रात्री असंबद्ध बोलू लागले म्हणून तसंच अ‍ॅडमिट केलं. एक्स-रेत उजवीकडे खाली न्यूमोनिया निघाला. पांढऱ्या पेशी १९,०००, सूज मोजणारा सीआरपी २१२. बेडक्याच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. सात दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिलं, मग घरी लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. डिस्चार्जच्या दिवशी दुसऱ्या लॅबमधून केलेला सीआरपी ३.८ आला, म्हणजे नॉर्मल. ताप नाही. पण खोकला आहे, जिना चढताना धाप लागते आणि कालच्या एक्स-रेत पॅच जवळजवळ तसाच दिसतो. डॉक्टर म्हणतात, जंतू गेले, सूज राहिली आहे, उतरेल. जंतू गेले तर सूज कशाची? आत्याबाई प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा पाठवतात. पुण्याचे दीर म्हणतात, कोविडमध्ये देत होते तसं स्टेरॉइड दिलं असतं तर एव्हाना खडखडीत झाले असते. गंमत म्हणजे मला रुमेटॉइड संधिवात आहे. मिथोट्रेक्सेटने भागत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन सुरू करायचंय, त्याआधी ‘टीबी गोल्ड’ तपासणी सांगितली आहे. एकाच घरात एकाची वाढवायची आणि एकीची दाबायची, हे काही डोक्यात शिरत नाही.*
*— एक वाचक, सांगली जिल्हा*

नमस्कार.

पत्रात स्वतःबद्दलचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत आणि त्याची सुरुवात ‘गंमत म्हणजे’ अशी केलीत. घर सांभाळणाऱ्या बाईच्या पत्रात तिचं दुखणं नेहमी असंच तळाशी सापडतं. मला त्या वाक्याशीच जास्त काम आहे, पण तिथवर जायला अण्णांच्या फुप्फुसातून जावं लागेल. एक आधीच सांगते : मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे आणि अण्णांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं, एवढ्यासाठीच हे उत्तर.

आम्ही शिकत होतो तेव्हा शवविच्छेदनाच्या टेबलाशी आमचे सर एक प्रयोग करून दाखवायचे. न्यूमोनियाने गेलेल्या माणसाच्या फुप्फुसाचे दोन तुकडे काढायचे, एक चांगल्या भागाचा आणि एक बिघडलेल्या भागाचा, आणि दोन्ही पाण्याच्या भांड्यात टाकायचे. चांगला तुकडा तरंगायचा, कारण तो हवेने भरलेला स्पंजच असतो. दुसरा थेट तळाला जायचा. हातात घेतला तर कलेजीसारखा घट्ट आणि जड लागायचा. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी या अवस्थेला चक्क ‘यकृतासारखं होणं’ असं नाव दिलं होतं, आधी तांबडं, मग करडं. तोच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कळायचं, एवढं वजन आलं कुठून. जंतू त्यात असायचे, पण वजनाच्या हिशेबात नगण्य. वायुकोश भरलेले असायचे ते आपल्याच मालाने : रक्तातून झिरपलेलं पाणी, गोठलेल्या प्रथिनांचं जाळं, तांबड्या पेशी आणि खच्चून पांढऱ्या पेशी.

एक्स-रेतला पॅच हा त्याच मालाचा फोटो आहे. जंतू मेले तरी तो माल तिथेच असतो.

आता हा माल शरीराने तिथे आणून का ओतला? श्वासाबरोबर रोज थोडे जंतू आत जातातच. वायुकोशांत फिरणाऱ्या भक्षक पेशी त्यांना गुपचूप गिळतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. या गुपचूपपणाला किंमत आहे, कारण वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ असतो. उठसूट तिथे सूज आली तर माणूस जगायचा नाही. पण जंतू आवाक्याबाहेर वाढले की भक्षक पेशीचा नाइलाज होतो. जंतूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तिच्या अंगावर असतात. ते चेतले की ती आपल्या जनुकांतून नवी प्रथिनं तयार करून बाहेर सोडू लागते. पूर्वी फोन नव्हते तेव्हा गावोगाव सांगावा धाडत, तसे हे सांगावे. शास्त्रात त्यांना सायटोकाइन म्हणतात. काही तासांतच निघणारे पहिले दोन म्हणजे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१. मागोमाग इंटरल्यूकिन-६ आणि ८.

सांगावा एकच असतो, पण तो कोणाच्या कानावर पडतो त्यावर पुढचं ठरतं. शेजारच्या रक्तवाहिनीने तो ऐकला की तिचं अस्तर चिकट होतं आणि सैलही होतं. चिकट झाल्याने वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, सैल झाल्याने पाणी झिरपतं. इंटरल्यूकिन-८ हा वाट दाखवणारा. जिकडे तो दाट, तिकडे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सरकत जातात आणि वायुकोशात उतरतात.

अण्णांची फाइल समोर असेल तर एकदा उघडा. त्यातला जवळजवळ प्रत्येक कागद म्हणजे कुठल्या ना कुठल्या सांगाव्याची पोच आहे. ताप घ्या. इंटरल्यूकिन-१ आणि ६ मेंदूपर्यंत पोचले, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार झालं आणि शरीराचं तापमान वर सरकवलं गेलं. पॅरासिटामॉल फक्त हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. म्हणून त्याने ताप उतरतो आणि न्यूमोनिया जिथल्या तिथे राहतो. पांढऱ्या पेशी १९,००० झाल्या, कारण अस्थिमज्जेला ‘माणसं पाठवा’ असा वेगळा निरोप गेला होता. असंबद्ध बोलणं हेही पुष्कळदा याच सांगाव्यांचं म्हाताऱ्या मेंदूवरचं काम असतं, जोडीला ऑक्सिजन कमी पडलेला असतो. उतारवयात ताप फारसा चढत नाही आणि बडबड मात्र आधी सुरू होते. तुम्ही ‘वय झालं’ म्हणून ती सोडून दिली नाहीत, रात्रीच नेलंत, हे फार बरं केलंत. शुगरही त्या आठवड्यात वर गेली असणार, कारण टीएनएफ इन्सुलिनचं काम अडवतो. आणि बेडका हिरवा-पिवळा येत असेल तर तो रंग जंतूंचा नव्हे, न्यूट्रोफिलच्या पोटातल्या एका हिरव्या एन्झाइमचा. नुसता रंग पाहून अँटिबायोटिक बदलून मागणाऱ्यांना हे सांगून मी थकले.

सीआरपीवर जरा थांबू, कारण तिथे तुमची एक गफलत झाली आहे आणि ती तुमची एकटीची नाही. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना सापडलं, तेही न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात. न्यूमोकॉकस जंतूच्या भिंतीतला ‘सी’ नावाचा अंश त्या रक्तद्रवात टाकला की साका तळाशी बसायचा. सीआरपीतला ‘सी’ तोच. ते बनतं यकृतात आणि बनवायला सांगतो मुख्यतः इंटरल्यूकिन-६. फुप्फुसातला आवाज यकृतात किती जोरात ऐकू येतोय, हे आपण सीआरपीने मोजतो.

आता दोन्ही रिपोर्ट शेजारी धरा आणि आकड्यापुढचं एकक वाचा. पहिल्या लॅबने बहुतेक मिलिग्रॅम प्रति लिटर दिलं आहे आणि दुसरीने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तसं असेल तर ३.८ म्हणजे ३८. २१२ वरून ३८, उतार चांगला आहे, पण नॉर्मल नाही. सीआरपीचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं असतं, म्हणजे यकृताने नवं बनवणं पूर्ण थांबवलं तर आकडा दर १९ तासांनी निम्मा होतो. या हिशेबाने २१२ चा आकडा पाच दिवसांत ५ च्याही खाली यायला हवा. ३८ वर होता याचा अर्थ, डिस्चार्जच्या दिवशीही फुप्फुसातून हळू आवाजात सांगावे निघत होते. यात घाबरण्यासारखं काही नाही, न्यूमोनियात हे नेहमीचंच. पण ‘नॉर्मल झाला, मग खोकला का’ या कोड्यातलं अर्धं कोडं एककातच मिटतं.

उरलेलं अर्धं अधिक रंजक आहे. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हाला सूज उतरण्याबद्दल जेमतेम दोन ओळी शिकवल्या जात : जंतू मरतात, सांगावे थांबतात, सूज आपोआप विरते. हे ‘आपोआप’ चुकीचं निघालं. सूज उतरवणं हे वेगळं काम आहे आणि त्याचे सांगावेही वेगळे आहेत.

लग्नाची पंगत आठवा. आवतण देणं एक काम, वाढणं दुसरं, आणि पाहुणे हात धुवायला उठले की उष्टी काढणं तिसरं. तिसऱ्याशिवाय पुढची पंगत बसत नाही. न्यूट्रोफिल हे पाहुणे तसे दांडगे. त्यांच्याकडची जंतू मारायची रसायनं आणि प्रथिनं विरघळवणारे एन्झाइम जंतू आणि वायुकोशाची भिंत यांत भेद करत नाहीत. ते तिथेच फुटून मेले तर सगळा मसाला आजूबाजूला सांडतो. त्यापेक्षा त्यांनी शिस्तीत, आतल्या आत आवरून मरावं आणि भक्षक पेशींनी त्यांना सबंध गिळावं, हे शरीराला परवडतं. आणि इथेच खरी मेख आहे. मेलेला न्यूट्रोफिल गिळला की तीच भक्षक पेशी, जिने पहिला सांगावा धाडला होता, सूर बदलते. आता तिच्यातून इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा निघतात. पहिला म्हणतो ‘पुरे’, दुसरा म्हणतो ‘डागडुजीला लागा’. प्रोस्टाग्लँडिन बनवणारी यंत्रणा लायपॉक्सिन आणि रिझॉल्विन नावाचे स्निग्ध रेणू बनवू लागते. ते नव्या न्यूट्रोफिलना वाटेतच अडवतात आणि भक्षक पेशींची भूक वाढवतात. वायुकोशाच्या अस्तरातल्या काही पेशी पाणी उपसायला लागतात, काही दुभंगून नवं अस्तर घालतात. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांना मध्येच पकडून ठेवणारे खोटे ग्राहकही शरीर बनवतं, म्हणजे सांगावा निघाला तरी पोचत नाही.

अण्णांच्या उजव्या फुप्फुसात सध्या उष्टी काढणं चालू आहे. खोकला त्याचाच आहे. एकाहत्तराव्या वर्षी, मधुमेहात, हे काम सावकाश होतं. तरुणाचा एक्स-रे चार-सहा आठवड्यांत स्वच्छ होतो, या वयात दहा-बारा आठवडेही लागतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने रुग्णांना सांगण्यासाठी एक अंदाज दिला आहे : ताप आठवड्यात जावा, छातीतलं दुखणं आणि कफ चार आठवड्यांत बराच कमी व्हावा, खोकला आणि धाप सहा आठवड्यांत, थकवा सोडून बाकी बहुतेक तक्रारी तीन महिन्यांत, आणि पूर्ववत वाटायला सहा महिने. अण्णांचा आज अठरावा दिवस आहे. माझ्या मते कालचा एक्स-रे काढायलाच नको होता. इतक्या लवकर तो स्वच्छ दिसणारच नव्हता.

आता दीर. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. स्टेरॉइड पेशीत शिरून सांगावे लिहिणारी जनुकंच गप्प करतं, एकदोन नव्हे, पुष्कळशी एकदम. आपली अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवून हेच काम बेताबेताने रोज करत असते. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक-पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा शून्य. जंतूंच्या न्यूमोनियातही असंच काहीसं आहे. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांतल्या सुमारे ८०० गंभीर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार गंभीर झाल्यापासून पहिल्या २४ तासांत ज्यांना हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलं, त्यांच्यात २८ दिवसांत ६.२ टक्के दगावले, न दिलेल्यांत ११.९ टक्के. हा फरक लहान नाही. तेव्हा दिरांना म्हणावं, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो पहिल्या रात्रीचा आणि आयसीयूतल्या माणसाचा आहे. अठराव्या दिवशी घरी बसून खोकणाऱ्या मधुमेही माणसाला स्टेरॉइड दिलं तर शुगर चढेल आणि दडलेलं काही असेल तर त्याला रान मोकळं मिळेल. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, ते आपण पाहिलंय. अनियंत्रित साखर आणि वारेमाप स्टेरॉइड ही जोडी त्यातल्या पुष्कळांमागे होती.

एक गोष्ट दिरांना नक्की आवडेल. टीएनएफने एवढा गोंधळ होतो तर तोच अडवावा, ही कल्पना १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनाही सुचली होती. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांना टीएनएफ शोषून घेणारं औषध दिलं. १९९६ मध्ये निकाल आला : जास्त डोस मिळालेल्यांत मृत्यू वाढले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी उलट बाजूने पाहिलं. न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया केलेल्या उंदरांना ‘पुरे’ म्हणणारं इंटरल्यूकिन-१० सुरुवातीलाच दिलं, तर फुप्फुसात जंतू वाढले आणि उंदीर लवकर मेले. ते अडवलं तर जास्त जगले. म्हणजे ‘पुरे’ हा शब्दही पंगत बसायच्या आत उच्चारला की घात करतो.

आत्याबाईंच्या काढ्याचं उत्तर यातच आलं. ‘प्रतिकारशक्ती’ नावाची एक टाकी असते आणि ती भरायची असते, अशी आपली समजूत आहे. तुम्हीच सांगा, अण्णांची कोणती वाढवायची, टीएनएफ की इंटरल्यूकिन-१०? काढ्याला हे विचारता येत नाही. गुळवेलीबद्दल एक वेगळी काळजीही आहे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवला तरी, अण्णा अँटिबायोटिक आणि मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना आणखी एक अनोळखी गोष्ट रोज पोटात जायला माझी संमती नाही. आत्याबाईंना दुखवू नका. त्यांना म्हणा, डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलीत, तुमच्या हातचं मुगाचं धिरडं किंवा पिठलं पाठवा. नवं अस्तर घालायला अण्णांना प्रथिनंच लागणार आहेत.

आणि आता तुमचं ते शेवटचं वाक्य.

तुम्हाला सुरू करायचं इंजेक्शन बहुधा टीएनएफ अडवणारं असावं, अ‍ॅडालिमुमॅब किंवा त्याच्या कुटुंबातलं. टीबीची तपासणी आधी सांगितली त्यावरून म्हणते. रुमेटॉइडमध्ये तुमच्या सांध्यांत तोच सांगावा फिरतोय जो अण्णांच्या फुप्फुसात फिरला. फरक एवढाच की तुमच्या सांध्यात जंतू नाहीत. आवतण गेलंय, लग्न नाहीच, आणि पाहुणे रोज येऊन सांध्याचं कूर्च खातायत. म्हणून तिथे तो अडवणं योग्य. हे औषध घ्यायला घाबरू नका, त्याने लाखो लोकांचे हात वाकडे होण्यापासून वाचलेत. आधी कोडं पडलं होतं ना, एकाच घरात वाढवणं आणि दाबणं कसं? अण्णांचं काही वाढवायचं नाहीये आणि तुमचंही सगळं दाबायचं नाहीये. तुमच्या बाबतीत एकच सांगावा, एका कामासाठी अडवायचा आहे.

पण तो सांगावा दुसऱ्या एका जागी राखणदार आहे. आपल्याकडे पुष्कळांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू वर्षानुवर्षं झोपलेले असतात. भक्षक पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात आणि ते कडं घट्ट ठेवायचं काम टीएनएफ करतो. तो अडवला की कडं सैल पडू शकतं. २००१ मध्ये अमेरिकेत याच गटातलं पहिल्या फळीतलं औषध, इन्फ्लिक्सिमॅब, घेतल्यानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जगभर इंजेक्शनाआधी टीबी शोधायची पद्धत पडली. तुमची टीबी गोल्ड तपासणी म्हणजे सुद्धा एका सांगाव्याचीच मोजणी आहे : तुमच्या रक्तातल्या पेशींना टीबीच्या जंतूची प्रथिनं दाखवतात आणि त्या ओळखीने किती इंटरफेरॉन-गॅमा सोडतात ते मोजतात. पॉझिटिव्ह आली तर टीबी झालाच असं नव्हे. आधी छातीचा फोटो बघतात, झोपलेल्या जंतूंसाठी प्रतिबंधक औषधं देतात आणि साधारण महिनाभर ती पोटात गेल्यावर इंजेक्शन सुरू करतात.

आता अण्णांकडे परत बघा. एकाहत्तरीचे मधुमेही गृहस्थ, फुप्फुसात पॅच, कल्चरमध्ये काही उगवलं नाही. पत्रात टीबीसाठी बेडका तपासल्याचा उल्लेख नाही, आणि घरी दिलेलं औषध लिव्होफ्लॉक्सासिन. हे औषध टीबीच्या जंतूंवरही काम करतं. त्यामुळे टीबी असेल तर थोडे दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. मला स्वतःला अण्णांचा आजार साध्या न्यूमोनियाचाच वाटतो. एका रात्रीत थंडी वाजून येणं, १९,००० पेशी, उतरता सीआरपी, सगळं त्याच बाजूला बोट दाखवतं. अण्णा एकटे असते तर मी सहा आठवडे थांबा म्हटलं असतं. पण त्यांच्या खोलीत रात्री औषध द्यायला बहुधा तुम्हीच जात असणार आणि पुढच्या आठवड्यात तुमचं कडं सैल करणारं इंजेक्शन घेणार आहात. शिवाय संसर्ग अगदी ताजा असेल तर टीबी गोल्ड पॉझिटिव्ह यायला आठ-दहा आठवडे लागू शकतात. म्हणजे तुमची तपासणी निगेटिव्ह आली, तरी अण्णांबद्दल खात्री झाल्याशिवाय तिला अर्थ नाही.

म्हणून इंजेक्शनाची तारीख पुढे ढकला. तुमच्या संधिवाततज्ज्ञांना फोन करून एवढंच सांगा, ‘घरात सासऱ्यांच्या फुप्फुसात पॅच आहे, टीबी तपासलेला नाही, मीच त्यांची शुश्रूषा करते.’ बहुधा ते स्वतःच थांबा म्हणतील. अण्णांच्या सकाळच्या पहिल्या बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी, तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. न्यूमोनियाच्या डॉक्टरांना तुमच्या इंजेक्शनाविषयी सांगा. त्यांना ते माहीत असणं शक्यच नाही, कारण अण्णांच्या फाइलमध्ये सुनेचा संधिवात कोण लिहील? खोली हवेशीर ठेवा, अण्णांना खोकताना रुमाल धरायला सांगा. तपासणीचा निकाल येईपर्यंत रात्रीचं औषध तुमच्या यजमानांनी द्यावं.

बाकी घरचं थोडक्यात. लिव्होफ्लॉक्सासिन जितके दिवस सांगितलं तितकेच दिवस, आपल्या मनाने वाढवू नका. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर त्याने शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम किंवा थरथर दिसली तर लगेच तपासा. तीन चेंडूंचं व्यायामाचं यंत्र दिलं असेल तर दिवसातून चार-पाचदा, बसून. पलंगावर पडून राहण्यापेक्षा अंगणात फेऱ्या. विडी असेल तर बंद, आणि देवघरातला धूपही काही आठवडे बंद. ताप परत आला, श्वास मिनिटाला ३० च्या पुढे गेला, ऑक्सिजन ९२ च्या खाली दिसला, पुन्हा असंबद्ध बोलू लागले किंवा बेडक्यात रक्त आलं तर उद्यावर टाकायचं नाही. छातीत मधोमध दाबल्यासारखं दुखून घाम फुटला तर ते न्यूमोनियाचं समजू नका. अशा आजारानंतरच्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, कारण ते सांगावे हृदयाच्या रक्तवाहिन्यांनीही ऐकलेले असतात. एक्स-रे आता सहा आठवडे पूर्ण झाल्यावर. बारा आठवड्यांनीही पॅच तसाच असेल, किंवा मध्येच वजन उतरायला लागलं, तर सीटी स्कॅन करून घ्या. म्हाताऱ्या फुप्फुसात न्यूमोनियाच्या आड कधी गाठही असते.

लस तुम्हा दोघांनाही हवी. लहान मुलांना न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची अशी लसही बनवली आहे. मोठ्यांना मात्र पदरचे पैसे मोजावे लागतात. अण्णांनी पूर्ण बरे झाल्यावर घ्यावी, तुम्ही इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी, डॉक्टरांना विचारून. आणि इंजेक्शन चालू झाल्यावर एक लक्षात ठेवा : अशा औषधांवर असताना ताप आणि सीआरपी दबून राहू शकतात, इंटरल्यूकिन-६ अडवणाऱ्या औषधांवर तर सीआरपी हलतच नाही. तेव्हा ‘ताप नाही ना, मग काही नाही’ हा घरचा नियम तुमच्यापुरता रद्द.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही फायली एकाच पिशवीत घाला, आणि दवाखान्यात तुमची आधी काढा.